मॉडेलमधलं माझं 'नाही'

प्रिय उन्नती,

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस, मी "मला काय धाड भरलीय" म्हणते आणि विषय संपतो. खरं सांगते, बरी नाहीये. तुझे बाबा गेल्यापासून नंदाखाल गावातल्या या घरात माझं बोलणं वाडीतल्या केळींशी. त्या उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. तुझं पहिलं बाळंतपण इथे होणार म्हणून मागची खोली रंगवून घेतली होती. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, तू बंगळुरूलाच राहिलीस. बरोबरच केलंस, पण फार वाईट वाटलं गं.

तू पाठवलेला व्हिडिओ रोज बघते. तुझ्या खुब्याचं तू स्वतः कॉम्प्युटरवर बनवलेलं मॉडेल, ऑपरेशनच्या आधीचं आणि नंतरचं. केळी न्यायला येणाऱ्या केनीलाही समजावून सांगितलं. सांध्याची वाटी उथळ होती, सगळा भार काठावरच्या एवढ्याशा जागेवर पडायचा, तो लाल डाग. डॉक्टरांनी हाड कापून वाटी फिरवली, भार पसरला, लालाचं हिरवं झालं. "आंटी, तुमी तर डॉक्टरच झाल्या," म्हणाला. त्याला एक सांगितलं नाही. त्यात नुसती हाडं चालतात, ना चेहरा ना वेणी, तरी पहिल्या भागातली चाल तुझीच आहे, आगाशीच्या शाळेतून येतानाची, डावीकडे झुकणारी. मी तोच भाग पुन्हा पुन्हा लावते.

तू झालीस त्या वर्षी राजेळी केळी भरभरून आली होती. सुकेळी करायची म्हणजे सोला, उन्हात घाला, रोज उलटा, मग केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटात घट्ट बांधा. हाताखाली कुणी नाही. तू रडलीस की काम बुडायचं. म्हणून मालिश झाली की तुझे पाय सरळ ताणून, जुळवून, दुपट्यात करकचून बांधायचे, अगदी सुकेळी बांधावीत तशी. तू दोन-दोन तास झोपायचीस. तेव्हा सगळ्याच बायका बांधायच्या, पण मला सांगणारं माणूस भेटलं होतं. डोस द्यायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या फिलोमिना सिस्टरनी माझी गाठ सोडली, तुझे पाय बेडकासारखे मोकळे करून दाखवले, हिचे सांधे सैल वाटतात, बांधू नकोस म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा बांधलं. पुढे चार महिने बांधलं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी हिचे पाय बांधायचात का? तू शेजारी बसली होतीस. मी 'नाही' म्हटलं. पुढे मॉडेलसाठी स्वतःची माहिती भरताना तू तेच लिहिलंस. तुझ्या इतक्या खऱ्या आकड्यांत तेवढं एक खोटं, आणि ते माझं. बांधलं नसतं तरी झालं असतं कदाचित. पण मला तो लाल डाग माझ्या बोटांचा दिसतो.

आणि परवा तुझा फोन आला. सासूबाई बाळाला बांधायचंच म्हणतात, म्हणून तू त्यांना ठणकावलंस की माझ्या आईने त्या काळातही मला बांधलं नाही, बाळाचं सगळं तीच करेल. लगेच माझं तिकीटही पाठवलंस. उन्नती, त्या तिकिटाची मी किती वाट बघत होते! त्याच दुपारी बॅग भरली. मग ती समोर घेऊन बसले आणि कळलं, तू जिला बोलावलं आहेस ती आई मी नाही. ते 'नाही' खोडून 'हो' लिही आणि मग ठरव. गाडी अठरा तारखेची आहे, पत्र त्याआधी पोचेल. ये म्हणालीस तर येईन आणि बाळाचे पाय मोकळे ठेवीन. नको म्हणालीस, तर सुकेळी तेवढी कुरियरने पाठवते.

तुझीच,
आई