पाऊसबाईने पाहिलेलं रॉकेट

हिगाशी-ओसाका,
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

ती. तामायोवन्सं यांना,
याएकोचा वाकून नमस्कार.

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत आहे. पण माझ्यासारखीने हवेचा विषय काढला की तुम्ही आधी खिडकीबाहेर बघणार आणि मग वाळत घातलेले कपडे आत घेणार, म्हणून या खेपेला ती रीत मोडते. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? तुमच्या दुकानातलं वांग्याचं लोणचं पोचलं आणि संपलंसुद्धा. बरणी परत पाठवते आहे. (रिकामी बरणी पाठवू नये एवढं वळण मला ओसाकात राहूनही आहे, म्हणून आत तानेगाशिमा बेटावरची रताळी घातली आहेत. उकडून खा, भाजलीत तर भावोजी पुन्हा खोकतील.)

आता मुख्य बातमी. आम्ही रॉकेट पाहून आलो. आम्ही म्हणजे मी आणि हे. हे म्हणजे तुमचे धाकटे बंधू, ज्यांना तुम्ही दर नववर्षाला सगळ्यांदेखत विचारता, ‘काय रे कुनिहिको, अजून भोकंच पाडतोस का?’ हो वन्सं, अजून भोकंच पाडतात. बोल्टखाली बसणारा वॉशर म्हटला की त्यात भोक आलंच. पण त्यातली काही भोकं गेल्या आठवड्यात ढगांच्या पलीकडे गेली, आणि क्योतोमधल्या कुठल्याही लोणच्याच्या दुकानाला अजून तेवढी मजल मारता आलेली नाही. (हे रागाने लिहीत नाही. अभिमानाने लिहिते आहे. माझं अक्षर दोन्ही वेळेला सारखंच येतं.)

मामंजींनी काढलेलं वर्कशॉप या वर्षअखेरीस बंद होतंय, हे तुम्हाला मागेच कळवलं. आमचा मुलगा विमा विकतो, तो काही लेथला हात लावणार नाही आणि ह्यांचे खांदे आता लेथ चालवू द्यायचे नाहीत. नेमक्या अशा वेळी ती ऑर्डर आली. गिऱ्हाईकाच्या गिऱ्हाईकाच्या गिऱ्हाईकाने सांगितलं की हे वॉशर रॉकेटात बसणार आहेत. ह्यांनी ते ऐकून फक्त ‘हं’ केलं. आठ दिवस ‘हं’वरच काढले. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, “अगं, आपला माल जातो कुठे, ते मी आयुष्यात कधी बघितलं नाही. दाराबाहेर गेला की गेला. हा एक डोळ्यांनी बघावा म्हणतो.” लग्नानंतर सुट्टी हा शब्द ह्यांनी पहिल्यांदाच तोंडातून काढला, आणि तोसुद्धा थेट काढला नाहीच. मी त्याच संध्याकाळी जपून ठेवलेली बॅग माळ्यावरून खाली काढली.

आगगाडीने कागोशिमा, तिथून बोटीने बेट. बोटीत मला मळमळलं त्याचं वर्णन करत नाही, तुम्ही जेवणाच्या टेबलाशी पत्र वाचता हे मला ठाऊक आहे. बेटावर एक छोटंसं लॉज मिळालं, तेही माणसांनी गच्च. सगळे रॉकेट बघायला आलेले. एकजण बँकेतला, दोघी शाळामास्तरणी आणि नागोयाचे उएमात्सु म्हणून एक दातांचे डॉक्टर. हे डॉक्टर या बेटावर पाचव्यांदा आले होते आणि रॉकेट त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं. दर वेळी उड्डाण पुढे ढकललं जायचं, इकडे रजा संपायची आणि नागोयात लोक गाल सुजवून बसलेले असायचे. पहिल्या रात्री जेवताना कोणीतरी सहज विचारलं, उद्या हवा कशी राहील? आमच्या ह्यांच्या पोटात रताळ्याच्या दारूचे दोन पेले गेले होते. (ह्यांना दोनाच्या पुढे लागत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे.) हे म्हणाले, “हवा झकास राहील हो. पण माझी बायको बरोबर आहे ना.”

आणि मग सगळं सांगून टाकलं! मी कुठल्याही समारंभाला गेले की पाऊस येतो, माझा पायगुणच ओला आहे, मुलाच्या शाळेच्या खेळांच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला घरी थांबायची विनंती केली होती. शिवाय आमच्या लग्नात सकाळी लख्ख ऊन होतं आणि मी देवळाच्या पायरीवर पाय ठेवताच असा कोसळला की ह्यांच्या मोठ्या बहिणीचा नवाकोरा रेशमी किमोनो कायमचा आक्रसला, ‘तेव्हापासून ताई हिला पाऊसबाई म्हणते’, हेही सांगितलं. तेव्हा वन्सं, तुमची कीर्ती आता नागोयापर्यंत पोचली आहे. तळलेला उडता मासा तसाच टाकून सगळ्यांनी आधी माझ्याकडे आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

सकाळी उठून बघते तर काळेकुट्ट ढग. विजेची भीती, म्हणून उड्डाण पुढे ढकललं. आता आपल्या लोकांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, तोंडावर कोणी काही बोलेल तर शपथ. सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं गोड बोलायला लागले. ऊन पडावं म्हणून पोरं खिडकीत पांढऱ्या कापडाच्या बाहुल्या टांगतात ना, तशा बाहुल्या दुपारपर्यंत लॉजभर लटकल्या. लॉजभर म्हणजे फक्त माझ्या खिडकीला. मला बाहेरचं काही दिसेना. मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “काकू, किनाऱ्याला एक गुहा आहे बघा, फार सुंदर. आत बसलं की पाऊस लागत नाही. म्हणजे आतला बाहेर लागत नाही... म्हणजे, चहा घ्या ना!”

दुसऱ्या खेपेला वारा आडवा आला. पुन्हा पुढे. त्या संध्याकाळी डॉक्टर उएमात्सु माझ्याकडे असे बघत होते, जणू माझा एखादा दात त्यांना आत्ताच्या आत्ता उपटायचा होता. मग मात्र माझ्यातली फटकळ ओसाका जागी झाली. मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, मी पहिल्यांदा आलेय. तुम्ही पाचव्यांदा आलात आणि पाचही वेळा गाडी अडली. मग पाऊस माझा की तुमचा?” बँकवाल्याने हळूच आपली बशी डॉक्टरांपासून लांब सरकवली. तासाभरात माझ्या खिडकीतल्या निम्म्या बाहुल्या डॉक्टरांच्या खिडकीला गेल्या. मला पुन्हा समुद्र दिसायला लागला.

पण वन्सं, तोंडाने जिंकले तरी मनातून मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारची आमची परतीची बोट होती. शेवटच्या ऑर्डरींचा माल कापायचा होता, जास्त थांबता येणार नव्हतं. उड्डाण सकाळी ठरलेलं. म्हणजे ह्यांच्या जन्मात ही एकच सकाळ. बंद होणाऱ्या वर्कशॉपचा माल काही दुसऱ्यांदा रॉकेटात बसणार नव्हता. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी न्याहारीला सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी आज लॉजवरच थांबते, खिडक्या लावून, पांघरूण घेऊन. मालकीणबाईंनी इतक्या घाईने ‘फार चांगलं’ म्हटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

तेव्हा ह्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. तुमचे बंधू जेवताना काड्या खाली ठेवत नाहीत. ठेवल्या, आणि म्हणाले, “वॉशर मी कापले. पण एकूण एक हिच्या बोटाखालून गेलाय. कडेला धातूची केसाएवढी कूस असली तरी हिच्या बोटाला कळते, मशीनला कळत नाही. ही थांबली तर मीही थांबतो. जाईल रॉकेट त्याचं ते.” एवढं बोलून भात खायला लागले. एवढी वर्षं संसार केला वन्सं, पण ह्यांच्या तोंडून माझ्या बोटांबद्दल कधी शब्द ऐकला नव्हता. मी सूपच्या वाटीत तोंड घातलं आणि पुष्कळ वेळ बाहेर काढलं नाही. डॉक्टर उएमात्सु उठले आणि म्हणाले, “चला काकू, मी तुमची छत्री धरतो.”

आणि पाऊस नाही! टेकडीवरच्या मैदानात आम्ही उभे राहिलो तेव्हा आभाळ धुऊन इस्त्री केल्यासारखं होतं. समुद्राकाठी ते उभं होतं, लांबून एखाद्या खडूएवढं. ह्यांनी कोट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलं होतं. लोक उलटी गणती मोठ्याने म्हणायला लागले. मग काय सांगू! आधी उजेड आला. माझ्या बुटाचं बक्कल सोन्यासारखं चमकलं, गवताची पाती न पाती वेगळी दिसायला लागली, एक मुंगी चालली होती तिची सावलीसुद्धा मी पाहिली. मग आवाज आला. कानाने ऐकायचा आवाज नव्हे, तो पायातून चढला, पोटात शिरला, माझी खालची कवळी वाजायला लागली. लेथ बिघडला की जमीन थरथरते, तसे हजार लेथ. पण एकही बिघडलेला नव्हता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी टपटप पडत होतं. गालावरून नाही, सरळ गवतावर. मी ते थेंब बघितले. मलाही आवरलं नाही. आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, मग संपला, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

तेव्हा वन्सं, तुमच्या भावाने पाडलेली भोकं जागच्या जागी आहेत आणि व्यवस्थित चालली आहेत, असं टीव्हीवाल्यांनीही सांगितलं. (त्यांनी ‘रॉकेट’ म्हटलं, पण वॉशर धरूनच.) मामंजी असते तर त्यांनी गल्लीभर सणाचा लाल भात वाटला असता. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे, आता मला पाऊसबाई म्हणणं बंद करावं. किमोनोबद्दल मात्र मी अजूनही दिलगीर आहे.

तुमची भावजय,
याएको

ता. क. हे पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. पुढचं एकटीने वाचा.

आम्ही रॉकेट पाहिलं नाही.

झालं ते असं. आमच्या दारातून मालाची गाडी निघाली की हे आणि मी रस्त्यावर जाऊन कमरेत वाकतो, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत वर बघत नाही. मामंजींनीच लावलेली सवय. तर ते रॉकेट निघालं, आपला माल घेऊन निघालं, आणि ह्यांचं अंग आपसूक वाकलं. ह्यांचं वाकलं की माझं वाकतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वर बघायचं नाही, आणि ती तर कुठवर जाणार! आम्ही दोघांनी पूर्ण उड्डाण गवतात पाहिलं. डॉक्टर उएमात्सुंना वाटलं माझं काहीतरी पडलं. भला माणूस, लगेच गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागला, “काकू, काय हरवलं? कवळी का?” टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं. तेव्हा वर नुसता धूर होता.

ता. क. दुसरा. आमच्या बाजारपेठेच्या मंडळाने येत्या रविवारी ह्यांचं भाषण ठेवलं आहे, ‘मी पाहिलेलं उड्डाण’. फलक लागला आहे. हे रोज त्याच्याखालून मान खाली घालून जातात. तुमचे जावई टीव्हीवरचं सगळं रेकॉर्ड करून ठेवतात ना? त्या उड्डाणाच्या दोन प्रती हव्यात, एक आम्हाला आणि एक नागोयाला. शनिवारच्या आत.

ता. क. तिसरा. टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. वर्कशॉप बंद व्हायच्या आत मामंजींची लेक त्या दारातून एकदा आत यावी, असं ह्यांना वाटतं. बोलायचे नाहीत, म्हणून मी लिहिते. शिवाय मला खात्री आहे, टीव्हीवर रॉकेट निघालं की हे पुन्हा वाकणार. या खेपेला मी मागे बसून ह्यांची कॉलर धरून ठेवणार आहे. माझी धरायला कोणीतरी हवं.