गणोजीचं बोरन्हाण

देवास,
१७ जानेवारी २००७

चि. अक्षत यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. थंडी कडाक्याची आहे, गुडघे कुरकुरतात, बालवाडी चालू आहे. माझं अक्षर पाहून दचकशील. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तू तरी कुठे लिहिलीस! दिवाळीनंतर स्वतः केलेला यंत्रमानव पाठवलास, तोही तुझ्या त्या मित्राच्या, पियूषच्या हाती. सोबत एवढीशी चिठ्ठी: "मुलं याच्याशी कशी वागतात ते टिपून ठेव." बरं, टिपलं आहे.

त्याच्या अंगावर लिहिलेल्या आकड्यांना इथे कोणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने सावकाश मान वळवून "नमस्ते" म्हटलं आणि अंशुल ओरडला, "ये तो गणोजी भिया है!" आपले चौकीदार गणोजीभैया अगदी अशीच मान वळवतात. झालं, बारसं उरकलं.

मुलं त्याला डब्यातली पोळी भरवतात, खात नाही म्हणून रागावतात. चालताना अडखळला की दोघं दोन हात धरतात. वेदिका म्हणून एक चार वर्षांची मुलगी आहे. सहा महिन्यांत माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. ती त्याच्या कानाशी लागून घरचं सगळं सांगते. तो आवाजाकडे मान वळवतो, तेवढं तिला पुरतं. पस्तीस वर्षं मुलं सांभाळते आहे मी. मला जमलं नाही ते तुझ्या पत्र्याच्या पोराने केलं. "कंपनीची नोकरी सोडून बाहुल्या करणार का?" असं मी तुला म्हणाले होते. ते शब्द मागे घेते. शाबास रे बाळा.

आता वाईट बातमी. गणोजी बंद पडला आहे.

सोमवारी बालवाडीत बोरन्हाण होतं. अंशुल म्हणाला, "बाई, गणोजी भिया की पहली संक्रांत है ना? उसका भी करो." मग काय, सगळ्यांनी तोच हट्ट धरला. त्याला पाटावर बसवलं, काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले. बोरं लागू नयेत म्हणून वेदिकाने त्याच्या डोळ्यांवर हात धरले. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हलवा, सगळं डोक्यावरून ओतलं. पोरं वेचायला तुटून पडली. गणोजीने हात उचलला आणि तो तसाच राहिला. मानेच्या फटीतून हलवा आत गेला असणार.

मुलांनी केलं असं लिहिणार होते. पण माप माझ्याच हातात होतं, आणि मी ते मोठ्या हौसेने ओतलं.

झबलं कुठून आलं, विचारशील. किमयाच्या पहिल्या संक्रांतीला शिवलं होतं. तेव्हा रुचीने फोन केला होता, "आई, बोरन्हाण में क्या-क्या लगता है?" मी म्हणाले, "तुमच्यात नसतं ना, मग राहू दे," आणि फोन ठेवला. बिचारी आपणहून विचारत होती. माझं चुकलं, अक्षत. झबलं ट्रंकेत राहिलं आणि नात तीन वर्षांची झाली.

मुलं रडतील असं वाटलं होतं. अंशुलने "थक गया" म्हणून गणोजीला गोधडी पांघरली. वेदिका मात्र माझ्याकडे आली आणि पदर ओढून म्हणाली, "बाई, इसके पापा को बुलाओ."

माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलली. तिचा शब्द मोडायचा कसा?

म्हणून हे पत्र. गणोजीला न्यायला पियूषला पाठवू नकोस, तू ये. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं. ती पुढच्या गुरुवारी आहे, शुक्रवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. रुचीला सांग, काय काय लागतं ते सगळं मी आणून ठेवलं आहे, तिने फक्त किमयाला आणायचं. झबलं आता व्हायचं नाही. काळा फ्रॉक बेतला आहे, वेदिकाच्या मापाने. आपल्या नातीचं माप मला ठाऊक नाही, म्हणून बाजूच्या शिवणी उघड्या ठेवल्या आहेत.

सुईत दोरा ओवून बसलेली,
तुझी आई
शशिकला