गुलाबाच्या मळ्यातला पाट

अण्णा, तुम्हाला हसू येईल, पण खडीच्या रस्त्यावर चालवायला आता वेगळी सायकल मिळते. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. जाड टायर, खाली वळलेलं हॅन्डल आणि वजनाला अगदी हलकी. तुम्ही जन्मभर गुरांच्या दवाखान्याच्या सायकलीवरून माणदेशातली खडी तुडवलीत आणि त्याला कुणी काही नाव दिलं नाही. तुमच्या सायकलीचं घंटी सोडून सगळं वाजायचं. माझ्या सायकलीला बाकी सगळं आहे, घंटीच नाही. बावन्नाव्या वर्षी ती घेतली आणि दर शुक्रवारी सकाळी ताइफच्या बाहेर, मळ्यांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर चालवते. सौदी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू आणि तेलच येतं. ताइफ डोंगरावर आहे. इथे डाळिंबं होतात, अंजीर होतात, दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात गुलाब होतो, आणि या दिवसांत ऊन चढायच्या आत तो खुडून अत्तराच्या भट्टीवर जातो. बांधावर माकडं बसलेली असतात आणि चावडीवरच्या म्हाताऱ्यांसारखी येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळतात.

आम्ही तिघी असतो. मी, माझ्याच डायलिसिस वॉर्डातली एक फिलिपिनो नर्स आणि इथलीच एक शाळामास्तरीण. ही वाट तिनेच दाखवली. मोठ्या रस्त्यावर गाड्या अशा अंगावर येतात की सायकल काढायची सोय नाही, त्यामुळे आमची म्हणावी अशी ही एकच वाट. नवरा रियाधला नोकरीला, पोरगी बंगळुरूला शिकायला, आणि आठवडाभर माझ्या कानांत मशीनच्या शिट्ट्या. शुक्रवारची ती दोन तासांची खडी नसती तर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नसतं, हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते. निघायच्या आधी मी टायरमधली थोडी हवा सोडते. ‘खडीवर फुगलेलं चाक उड्या मारतं, नरम चाक धरून चालतं,’ हे तुमचं. या दोघींनी आधी ते मोबाइलवर शोधून खात्री केली आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवला.

सुट्टीत तुम्ही मला वाड्यावस्त्यांवर बरोबर न्यायचात. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, असं तुम्ही प्रत्येक गोठ्यात सांगायचात आणि ते पुन्हा डॉक्टरच म्हणायचे. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही कुणाकडून तरी आणून दिलेल्या लेडीज सायकलवर मी पुढे आणि तुम्ही मागे. कांद्याच्या शेतातून वाट जाते, वाटेत पाण्याचा पाट आडवा येतो. पाटाशी उतरायचं आणि सायकल उचलून पलीकडे ठेवायची, हा तुमचा नियम. मला उतरायचं नसतं. मी तशीच घालते, काठ ढासळतो, पाणी वाटेवर येतं. मालक लांब विहिरीवर. मी जोरात पायडल मारत पळते, ती थेट पुढच्या वस्तीवर. तुम्ही येता, माझी सायकल वळवता आणि मला परत तिथे नेता. ‘पाट फुटला तर फुटला. मातीचाच हाय. पण मालकाला हाक मारायची सोडून पळालीस कशापायी?’ तुमचा आवाज मोठा नव्हता. मग मला चिखलात उभं करून तुम्ही दाखवलंत की फुटलेल्या जागी आधी माती टाकायची नाही, ती वाहून जाते. आधी वर जायचं, पाणी तोडायचं, मग खालचं भगदाड बुजवायचं. दगड, वर ढेकळं, वर चिखल, आणि टाचेनं दाबून घ्यायचं. मालक आला तेव्हा तुम्ही मलाच बोलायला लावलंत. मी आठवडाभर तुमच्याशी अबोला धरला होता.

गेल्या शुक्रवारी इथे तेच झालं. वाटेवरच्या एका म्हाताऱ्या मालकाच्या मळ्यात गुलाबाला पाणी सोडलेलं होतं. पाट वाटेला आडवा होता. माझं मागचं चाक काठावर आपटलं, काठ खचला आणि टाकीत साठवलेलं पाणी गुलाबाकडे जायचं सोडून खडीवर पसरलं. इथे पाण्याला काय किंमत आहे ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही दुष्काळात गुरांच्या छावण्यांवर राबलेले. मालक खोरं घेऊन धावत आला. डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, पायात काही नाही. ‘खलास! उद्यापासून सायकली बंद. इथे दगड टाकतो!’ शाळामास्तरीण त्याची समजूत घालायला लागली. फिलिपिनो मैत्रीण रडवेली झाली होती. माझं अरबी वॉर्डातलं. कुठे दुखतं आणि कधीपासून, एवढंच मला धड विचारता येतं. म्हणून मी सायकल टाकली आणि पाटाच्या कडेने वर पळत सुटले.

टाकीशी पाणी तोडलं, खाली आले, बूट काढले आणि चिखलात उतरले. दगड, ढेकळं, चिखल, टाच. हात आपोआप चालत होते. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने स्वतःच खोऱ्याने माती ओढून माझ्यापुढे टाकली. काठ उभा राहिल्यावर पाणी पुन्हा सोडलं, ते गुलाबापर्यंत पोचेस्तोवर आम्ही दोघं बघत राहिलो. ‘हे कुठे शिकलीस?’ त्याने विचारलं. ‘वडील,’ मी म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली अण्णा. तुमचे उपकार मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. त्या दिवशी परक्या भाषेतल्या एका शब्दात ते बोलून झाले.

मग तो वाटेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘पण पाट दिसला नाही तुला?’

‘मा शुफ्त,’ मी म्हणाले. नाही दिसला. सूर्याकडे हात केला, ऊन डोळ्यांवर होतं म्हणून.

तो शाळामास्तरणीकडे वळून बरंच काही बोलला आणि तिने मला इंग्रजीत सांगितलं. डोळ्यांवर ऊन आलं तर त्यात माणसाचा काय दोष, असं तो म्हणत होता. दिसत असून घातली असती तर वाट बंदच केली असती, पण ही शेतकऱ्याची पोर दिसते, हिला येऊ दे, हिच्याबरोबरच्यांनाही येऊ दे. त्याने मला हेल्मेट उलटं धरायला लावलं आणि त्यात ओंजळ-ओंजळ गुलाब टाकले. दोघी मैत्रिणींनी मला मिठीच मारली. घरी आले तर जिन्यापासून वास येत होता. ते गुलाब मी परातीत पसरले, आणि रात्री जेवण गेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. ऊन माझ्या पाठीवर होतं, अण्णा. आम्ही कुठल्या बाजूने आलो ते म्हाताऱ्याने बघितलं नव्हतं. पाट मला वीस पावलांवरून दिसला होता. सायकल उडवून पाट ओलांडायचं मी महिनाभर घराच्या गच्चीवर शिकत होते आणि मागून येणाऱ्या दोघींनी ते बघावं एवढंच मनात होतं. या वेळी मी पळाले नाही, पण काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. परवा शुक्रवार आहे. म्हाताऱ्याला खरं सांगायचं अरबी मी पाठ करते आहे, तीनच वाक्यं आहेत. सांगितलं तर वाट जाईल, आणि माझ्याबरोबर त्या दोघींचीही जाईल. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं.