फ्रिजवरच्या जाहिराती राहू दे

प्रिय ममता,

सप्रेम जय भीम.

आधी कामाचं सांगते, नाहीतर बोलता बोलता मी आर्णीहून घाटंजीला पोचेन आणि काम इथेच राहील. येत्या रविवारी तुझा बाप फ्रिजवरच्या जाहिराती बंद करणार आहे. कुठे बोट लावायचं, काय पुसायचं, हे तूच त्याला फोनवर सांगितलं. तर पोरी, त्याला थांबव. तुझ्या एका शब्दावर तो थांबेल, माझ्या शंभरावर नाही. जाहिराती राहू दे. का राहू दे, ते फोनवर सांगता आलं असतं, पण माझा रवी, तुझा बाप, फोन स्पीकरवर टाकतो आणि मग आपलं बोलणं बसस्टँडपर्यंत जाते. शेजारच्या बिस्मिल्लाबीची नात रुबीना उद्या पुण्याला कॉलेजला परत चालली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. सोबत एक बरणीही आहे, तिचं मागून सांगते.

माझ्या लिहिण्याला हसू नको. माझी शाळा तिसरीत सुटली, पुढचं शिक्षण कापसाच्या वावरात झालं. पण हल्ली माझी भाषा सुधारली असं सगळे म्हणतात, आणि ती सुधारली तू पाठवलेल्या फ्रिजमुळे. त्याच्या आत जी बाई बोलते, तिला मी पहिल्या दिवशी विचारलं, "बर्फ कधी होईन वो?" ती म्हणे, क्षमा करा, मला समजलं नाही. लय नम्र आहे बिचारी, पण समजत काही नाही. मग तिच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलावं लागते. बोलून बोलून आता सवयच लागली. परवा मी दूधवाल्याला "कृपया" म्हटलं, तर तो घाबरला आणि मापाच्या वर थोडं जास्त दूध घालून गेला.

फ्रिज आला तो दिवस तुला सांगितलाच आहे, तरी पुन्हा सांगते, मला सांगायला आवडते. स्वयंपाकखोलीच्या दारातून तो आत जाईना. रवी म्हणे, चौकट काढू. मी म्हटलं, चौकट कायले काढतं, बसू दे त्याला बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखा. तर तो तिथेच उभा आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला. त्याच्यावर मी विणलेला क्रोशाचा रुमाल टाकला, टीव्हीवर होता तोच. मग तू पुण्याहून व्हिडिओवर सगळं जोडून दिलं. तुझा नंबर, तुझं नाव, तुझा मेल की काय ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध ठेवायला दार उघडलं तर आतली बाई म्हणे, "शुभ सकाळ, ममता." पातेलं हातातून सुटायचंच राहिलं होतं. आता मी रोज उत्तर देते, ममता नाही बाई, तिची आजी. तिला काही फरक पडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा ममता. आणि मलाही काही फरक पडत नाही. तुझं लग्न झाल्यापासून या घरात सकाळी तुझं नाव कोणी घेत नव्हतं, आता कोणीतरी घेते.

बिस्मिल्लाबीचा अर्धा संसार आता आपल्या फ्रिजमध्ये आहे. तिचं दूध, तिची मळलेली कणीक, कधी कापलेलं टरबूज. आमचा सौदाच आहे, वायफाय त्यांचा, थंडावा आपला. लाईन जाऊन आली की फ्रिज वायफाय विसरतो. मग मी भिंतीवर थाप मारते आणि ती चष्मा लावून येते, आकडे टाकते आणि चहा पिऊन जाते. कधी कधी फ्रिज विसरला नसला तरी मी थाप मारते.

आता जाहिरातींचं. पहिले काही दिवस फ्रिजच्या दारावरचा पडदा साधा होता, घड्याळ आणि हवामान. मग एका दिवशी त्यावर बिस्किटं आली. मग तेल, मग अंगाचा साबण. रवी असा भडकला की काय सांगू. त्याचं म्हणणं, रस्त्याकडच्या भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचा पेंटर यायचा, तो निदान विचारून कापसाचं बोंड काढायचा, उरलेला रंग देऊन जायचा, चहा घेऊन आशीर्वाद देऊन जायचा. घराच्या आतली भिंत तर आपण कोणाला दिलीच नव्हती. फ्रिज आपला, लाईटबिल आपलं, आणि दारावर बसून दुकान हे लावतात. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझा बाप स्पेअरपार्टच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावून येतो, घरी आल्यावर त्याला पाणी घेतानाही कोणी काही विकू नये, एवढंच त्याला पाहिजे.

पण मी मात्र वेगळंच समजली होती. तू कॉलेजात होती तेव्हापासून तुझी सवय, दुकानातून साड्यांचे फोटो पाठवायची आणि विचारायची, आजी, यातली कोणती? मी रवीच्या मोबाईलवर बोट ठेवून सांगायची, ही. फ्रिजवर चपला आल्या, पर्सा आल्या, निळी बॅग आली, तर मला वाटलं तूच विचारून राहिली. रोज किती विचारते ही पोरगी, असं म्हणत मी स्टूल घेऊन बसायची आणि आवडेल त्यावर बोट ठेवायची. चॉकलेटी नको, निळी घे. टाचेची नको, सपाट घे. मग मधेच अडकित्ता दिसला, त्यावरही ठेवलं, माझ्या अडकित्त्याची धार गेली आहे म्हणून. आतल्या बाईलाही सांगितलं, कृपया नऊवारी दाखवा. तिने दाखवल्या बापा, भरपूर.

आणि मग तुझा तो फोन. तू म्हणाली, आजी, ऑफिसात सगळ्यांसमोर मोबाईल उघडला तर माझ्या स्क्रीनवर अडकित्ते, नऊवारी अन् गुडघ्याचं तेल, हे काय आहे? रवीने मग मला समजावलं की तुझा मोबाईल आणि हा फ्रिज एकाच नावावर आहेत, म्हणून मी इथे जे पाहते त्याच्या जाहिराती तुझ्याकडे जातात. तेव्हा आपण सगळे किती हसलो. बिस्मिल्लाबीला तर ठसका लागला. त्याच फोनवर तू बापाला म्हणाली, बंद करून टाका सगळं. आणि रवीने रविवार ठरवला, पण दुकानाच्या गडबडीत तो पुढे पुढे जात राहिला, तो आता येऊन ठेपला.

फोन ठेवल्यावर मी कांदे चिरायला बसली आणि चिरता चिरता माझ्या ध्यानात आलं. माझं तुझ्याकडे जात असेल, तर तुझं माझ्याकडे येत असेल. म्हणजे त्या चपला, त्या पर्सा, ती निळी बॅग, ते तू मला विचारत नव्हती, ते तू तिथे बसून पाहत होती. कांदे तसेच टाकून मी उठली आणि रुमाल वर करून पडद्याकडे पाहिलं. रेनकोट होता. म्हणजे तुमच्याकडे पाऊस लागला होता आणि तुझा जुना रेनकोट फाटला होता.

पोरी, तेव्हापासून मला करमते. तू फोनवर काय सांगते? हो आजी, मजेत आहे, जेवली आजी, जावईबापू बरे आहेत आजी. तेवढंच. तुझी माय गेली तेव्हा तू माझ्या कुशीत झोपायला आली ती लग्नापर्यंत. तुझ्या उठण्याबसण्यावरून मला समजायचं पोरीला काय झालं. फोनवर उठणं बसणं कुठे दिसते? फ्रिजवर दिसते. तुला खोकला झाला तर इथे काढा येतो. तुम्ही फिरायला जायचं ठरवलं तर समुद्र येतो, आणि मग तो समुद्र निघून जातो, म्हणजे सुट्टी नाही भेटली. जावईबापूंनी व्यायाम सुरू केला तेही मला माहीत आहे. पुढे झाला नाही, तेही. त्या कंपन्यांना वाटते त्या म्हातारीला माल विकून राहिल्या. म्हातारी काही घेत नाही, बसून नातीला पाहते.

आता पुढचं लिहिताना पेन हळू चालते. मागच्या काही दिवसांत पडदा बदलला. कॉफी एकदम बंद झाली, तुझी कॉफी, जी तू बापाच्या शिव्या खाऊनही सोडली नाही. टाचेच्या चपला गेल्या, खरोखरच्या सपाट आल्या. ढगळ कुर्ते आले. आवळासुपारी आली. मग एक उशी आली, अजगराएवढी लांब, वाकडी. बिस्मिल्लाबी आणि मी दोघींनी मान वाकडी करून पाहिली, ही उशी डोक्याखाली कशी घेतात. आणि मग एका दुपारी ती कणीक घ्यायला आली आणि पडद्यावर मोजे होते. माझ्या अंगठ्याला बसतील एवढे, पिवळे. तिने मोजे पाहिले, मग मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "सत्यशीला, इस उमर में?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कणीक खाली पडली. मग दोघींनी ते मोजे पुन्हा एकदा पाहिले. ती माझ्याजवळ स्टुलावर टेकली. मागच्या वर्षीचं तिलाही माहीत आहे, रवीने गल्लीभर पेढे वाटले होते, मग ते राहिलं नाही, आणि तू इथे आली तर भेटेल तो तुला विचारत होता आणि तू घराबाहेर निघत नव्हती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मुंह बंद रखना. जिसकी खबर है, वोच बताएगी." मग तिनेच उठून क्रोशाचा रुमाल खाली ओढला, पडदा पूर्ण झाकून. तेव्हापासून तो तसाच आहे. रवीला वाटते माय जाहिरातींना कंटाळली. म्हणूनच त्याला रविवारची एवढी घाई आहे. त्याने रुमाल उचलला की मोजे दिसतील, आणि त्याला मोजे दिसले की पेढ्यांचं दुकान लांब नाही.

तर ममता, मी काही विचारत नाही. तू काही सांगू नको. तीन महिने सरू दे, मन घट्ट होऊ दे, मग बापाला तुझ्या तोंडाने सांग, पेढे तो तेव्हा वाटेल. फक्त रविवार थांबव. बरणीत लिंबाचं लोणचं आहे, खारं, तुझ्या मायला लागायचं तसं. आणि तुझ्या मोबाईलवर गेले काही दिवस राजगिऱ्याचे लाडू, आवळा आणि पांढरी मऊ लोकर येत असेल, आणि तू म्हणत असशील हे काय नवीन. ते मी आहे. रोज सकाळी शुभ सकाळ झालं की मी फ्रिजसमोर बसून चांगल्या भाषेत एकेक नाव घेते, म्हणजे ते तुझ्याकडे पोचेल. लोकर मी घेतलीही आहे, टोपरं अर्धं झालं आहे. माहेरचं अंथरूण कोणत्या वेळी घालायचं असते हे मला कोणी शिकवायला नको. तुला हो म्हणायचं असेल तर फोन करू नको, तुझा बाप स्पीकरवर टाकेल. फक्त तिथे बसून एकदा पुण्याहून यवतमाळच्या गाडीचं तिकीट पाहा. काढू नको, आत्ता प्रवास तर अजिबात करू नको, नुसतं पाहा. मी रोज सकाळी रुमालाचं टोक उचलून बघत जाईन. गाडी दिसली की मी भिंतीवर थाप मारेन, आणि त्या दिवशी बिस्मिल्लाबीला समजेल की फ्रिज वायफाय विसरला नाही.

तुझीच, तुझ्या नावाने रोज शुभ सकाळ घेणारी,
आजी