दर्याकडे पाठ

दाभोळ, नारळी पौर्णिमा, दिवेलागण

मामंजींनी आज दर्याकडे पाठ करून गाऱ्हाणं घातलं. होड्या सुखरूप येऊ देत म्हणून दर्यालाच घालायचं गाऱ्हाणं, आणि त्यालाच पाठ!

आमच्या चालीरीतींचा अभ्यास करायला पुण्याच्या बाई शिमग्यापासून गावात राहतात. बाई चांगल्या आहेत, पोरांना जीव लावतात. मागे वाऱ्यामुळे मामंजींचा आवाज नीट रेकॉर्ड झाला नव्हता, म्हणून आज कॅमेऱ्यामागून म्हणाल्या, "काका, जरा इकडे तोंड करता?" एवढा मानी माणूस, पण वळले. शाळेत कविता म्हणावी तसा एकेक शब्द सुटा करून बोलले. आम्ही सगळ्यांनी मागून नेहमीसारखं "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. कुणाला? कॅमेऱ्याला?

लगेच होड्या सुटल्या. आमच्या होडीवर हे आहेत.

सासूबाईंना विचारलं, दर्याकडे पाठ केली तर काय होतं हो? म्हणाल्या, "काय म्हाईत गो. आजवर कोणी केलीच नाय." मामंजी मात्र दुपारभर खुशीत. "ही आपली संस्कृती हाय," म्हणत होते. हा शब्द आमच्या घरात कधी नव्हता.

आता वारा फिरलाय. ह्यांचा फोन लागत नाही. मघाशी मामंजी उठून धक्क्यावर गेले. खिडकीतून दिसतायत. पाण्याकडे तोंड, हात जोडलेले, ओठ हलतायत. आणि मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणीच नाही.

लिहिणं टाकून जाते.