ह्यांचं वजन

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार
पुण्याचा माणूस मशीन बसवून गेला. रेडिओएवढा डबा, फोनच्या वायरीला जोडलेला. सोबत वजनकाटा आणि बी.पी.चा पट्टा. रोज सकाळी ह्यांनी काट्यावर उभं राहायचं, पट्टा बांधायचा, आकडे आपोआप फोनवरून पुण्याला. मग डबा हिंदीत विचारणार, धाप लागते का, पायाला सूज आहे का. होला एक दाबा, नाहीला दोन. तिकडे एक सिस्टर बघणार. माजी सैनिकांसाठी प्रयोग म्हणे.
अ‍ॅटॅक येऊन गेल्यापासून ह्यांचं हृदय कमजोर. अंगात पाणी साठतं, ते आधी वजनात दिसतं. म्हणून हा खटाटोप.
मी म्हटलं, मी आहे की बघायला. कुणी ऐकलंच नाही.

१७ नोव्हें., शुक्र.
सिस्टरचा फोन. लीला नाव, केरळची. हे फोनवर, "जी सिस्टर. बिलकुल सिस्टर. नमक एकदम बंद, सिस्टर." हा आवाज मी लग्नापासून एकदाही ऐकलेला नाही. फोन ठेवला आणि माझ्यावर, "आमटीत मीठ घालायला काय हुतंय तुला?"

२२ नोव्हें., बुध.
फोन बंद. गल्लीत कुणीतरी खणून ठेवलंय. डबा नुसता टीं टीं करतो. सुभेदारसाहेब तरी पट्टा बांधून ताठ. "लाइन डेड असंल, आपण ड्यूटी सोडायची न्हाई."
ह्यांची ड्यूटी आणि टेलिफोन ऑफिसचे हेलपाटे माझे. तिथला माणूस म्हणतो, "बाई, हुतंय की. दमानं घ्या." शाळेत उशीर, माझी चौथी तशीच बसून. हेडबाईंचं वर ऐकून घेतलं.

२८ नोव्हें., मंगळ.
लाइन आली. सिस्टरनं सांगितलं, वजन असंच राहिलं तर बेळगावला जायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात तिथं ह्यांच्या पलटणीतल्या जुन्या लोकांचा मेळावा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ब्लेझर लाँड्रीत. मेडल घासायला माझी टूथपेस्ट. ह्यांच्या हाताखालचे नाईक शिंदे बेळगावलाच असतात, त्यांचा एक दिवसाआड फोन. "साहेब, येताय न्हवं?"

३ डिसें., रवि.
वजन चक्क उतरलंय. सिस्टर खूश, हे खूश.
मलाच काही कळेना. झोपताना डोक्याखाली एका उशीच्या दोन झाल्या. जिन्यात मधेच थांबतात, विचारलं तर "रस्ता बघतोय." आज ब्लेझर घालून बघितला, पोटावर बटण लागेना. म्हणे लाँड्रीवाल्यानं आकसवला. त्याच्याकडे जाऊन आमची मंगळवार पेठ दणाणून सोडायला निघालेच होते, हाताला धरून बसवलं.

५ डिसें., मंगळ.
सापडलं.
मी दूध तापवत होते, दारातून दिसलं. काट्यावर उभे आणि डावा हात फ्रिजवर. टेकलेला नाही, चांगला रेटून. काय करताय म्हटलं तर "तोल जातोय, आधार घेतला." मग तोल जातो हे सांगा ना त्या डब्याला! मग म्हणाले, "व्हय, टेकतो हात. मेळावा झाला की देतो खरं वजन."
नडगीवर अंगठा दाबून बघितला. खड्डा तसाच राहिला. पाय ओढून घेतला त्यांनी.

६ डिसें., बुध.
सकाळपासून वाद. सिस्टरला सांगते म्हटलं तर "चुगली करणार व्हय माझी?" चौथीतली पोरं बोलतात तसं.
मग जरा वेळानं, हळू. "दरवर्षी गेलेल्यांची नावं वाचत्यात. ऐकायला बसलेली माणसं कमी कमी हुत्यात. अवंदा न्हाई गेलो, तर पुढच्या साली कुठल्या बाजूला असंन काय सांगावं."
सांगितलं तर बेळगाव गेलं. नाही सांगितलं तर... उद्या बघू म्हणून भाजी निवडत बसले.

८ डिसें., शुक्र.
सकाळी उठले तर हे खुर्चीत. आडवं होता येत नव्हतं म्हणून रात्रभर बसूनच. मला उठवलंसुद्धा नाही. तरी काट्यावर चढले. हात फ्रिजवर. डब्यानं विचारलं, धाप लागते का. ह्यांनी दोन दाबलं. ते दाबताना धापा टाकत.
डोकंच फिरलं माझं. डब्याचं संपेपर्यंत थांबले आणि सरळ पुण्याला फोन लावला. "सिस्टर, वजन झूठ है. हाथ टेकते हैं." सिस्टरनं पायाची सूज विचारली. मग, "माताजी, रिक्षा बुलाइए. अभी." हे शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते.
राजारामपुरीच्या दवाखान्यात. रिक्षात तोंड दुसरीकडे.

१३ डिसें., बुध.
इंजेक्शनं देऊन पाणी काढलं. चेहरा निम्मा झालाय. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. हे ऐकूनही माझ्याशी अबोला. मी हाताच्या अंतरावर बसलेली आणि नर्सला म्हणतात, "त्यांना म्हणावं, चष्मा द्या." आमची मंगल जयसिंगपूरहून डबा घेऊन आली तर तिला, "तुझ्या आईला सांग, खिडकी लाव." लावली. आपटून लावली.
येत्या रविवारी मेळावा. तो विषय कुणी काढत नाही.

१८ डिसें., सोम.
परवा घरी आणलं. आज शिंदे आले बेळगावहून यष्टीनं, तिथल्या खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन! साखरेची बंदी नाही, पण तूप? "वहिनी, चमचाभर खाऊ दे की साहेबास्नी." खाऊ दे की! डबा उचलून कपाटात ठेवला. शिंदे चपापले.
मेळाव्याचं सगळं सांगितलं. कोण आलं, कोण काठी टेकत आलं. हे मान खाली घालून ऐकत होते. मधेच, "माझं काय सांगितलंस?"
"साहेब आजारी हायत म्हटलं. वहिनी हुत्या म्हणून वाचलं, असं माइकवर सांगितलं."
हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी चहा टाकायला आत गेले. आत जाऊन उगीचच भांडी विसळली.

२२ डिसें., शुक्र.
सिस्टरचा फोन. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले. छातीत एक यंत्र बसवलं तर हृदयाला जोर येईल म्हणतात. पण ह्या वयात, ह्या तब्येतीला धोकाही आहे. सोमवारी कळवा. मला स्वयंपाकघरात ह्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "जी सिस्टर... जी... नहीं, अभी नहीं बता सकता. घर में पूछना पड़ेगा."
मग दारात येऊन उभे. दोन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "काय करूया?"
भडकलेच मी. "आता विचारताय? फौजेत जाताना विचारलं नाही, काट्यावर हात टेकताना विचारलं नाही, आणि हे तेवढं मी सांगू?"
गेले नाहीत. स्टूल ओढून बसले. "बोल की. तुलाच इचारतोय."
उगीच हो म्हटलं आणि काही झालं तर? नको म्हटलं आणि काही झालं तर? कणीक मळून झाली. मी हात धुऊन वही लिहायला बसले. हे अजून स्टुलावर आहेत.