रिकामा फोटो

संजूदादा,

बिबट्या दिसला की फोन वाजेल, असं सांगून तुझ्या नव्या कंपनीनं आपल्या पाड्यावर कॅमेरे लावले. आईनं कागदावर अंगठा दिला. तो कागद तिला कुणी वाचून दाखवला नाय.

तेच फोटो मी टोकावड्याच्या सेंटरवर तपासते. माणूस की जनावर ते लिहायचं, म्हणजे मशीन शिकतं. काल फोटोत आपली न्हाणी आली. आडोशाची साडी उडालेली, आई आंघोळ करत होती. मी 'रिकामा' लिहिलं. रिकामे फोटो पुसतात म्हणे.

आज तोच फोटो परत आला. 'रिकामा' खोडून 'माणूस' केलेलं, आणि माझं काम वरून तपासणाऱ्याचं नाव तुझं.

हे पत्र टाकणार नाय. आईला ओळखलंच नाय म्हणालास, तरी मला खरं वाटायचं नाय.

आईजवळ राहणारी,
कविता